पाच बोटांची पानं

३ ऑगस्ट, सकाळी ९
वही नवी. क्लिनिकमधल्या ब्रॉनविन नावाच्या पोरीने दिली. राग आला की लिहायचं. तारीख, वेळ, काय झालं, आपण काय केलं, आणि राग दहापैकी किती. कोणी वाचणार नाही म्हणाली. मी म्हटलं, मला राग येतच नाही, वही वाया जाईल. ती म्हणाली, वाया गेली तर आनंदच आहे, डेस.

मागची हकीगत, केवळ नोंद म्हणून. जुलैत लॉनमोअर, गवत कापायचं मशीन, सुरू होईना. अठरा वेळा दोरी ओढली. मग घण आणला. मोअरचा तुकडा उडाला, स्वयंपाकघराची काच फुटली, आणि नोलीन नेमकी सिंकपाशी उभी. तिच्या हाताला तीन टाके. किरकोळ. हल्लीचं पोलादच हलकं. एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली, मला कळतं.

नोलीन सध्या गोलबर्नला, आमच्या लेकीकडे, कॅरनकडे. हाताला विश्रांती म्हणून. जाताना म्हणाली, ख्रिसमसला येईन, पावलोवा करायला, पुढचं तेव्हा बघू. म्हणजे परत येतेय. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे, तिचं बोलणं मला कळतं.

दर ख्रिसमसला तिचा पावलोवा असतो. अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत केक, वर क्रीम, आणि त्यावर तिच्याच वेलीच्या पॅशनफ्रूटचा गर. वेल मागच्या कुंपणावर आहे. नऊ वर्षांपूर्वी तिने लावली. गाडीत बसताना काच खाली करून म्हणाली, वेलीला पाणी घाल, आणि मोटर असलेलं काहीही तिच्याजवळ नेऊ नकोस. एवढंच. सोपं आहे.

राग: ०.

५ ऑगस्ट
ठरलं. नोलीन येईपर्यंत बाग अशी करायची की आमच्या कॉरिमलमध्येच काय, अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरी नसेल. टोमॅटो, ब्रोकोली, लेट्यूस, लिंबू. आणि वेल. सगळं शांतपणे.

१२ ऑगस्ट, दुपारी ३
उंदीर. वाटाण्याच्या शेंगा खाऊन वर माझ्याकडे बघत बसला. मी शांतपणे शेडमध्ये गेलो, शांतपणे ग्रास कटर सुरू केला. तो वाफ्यातून पळाला, मीही वाफ्यातून. वाटाणे गेले. तो कुंपणाकडे, मी कुंपणाकडे. तो वेलीच्या बुंध्याआड शिरला.

उंदीर निसटला. वेलीची छाटणी झाली. घोट्याच्या उंचीवर, अगदी सरळ. ऑगस्ट म्हणजे इथे थंडीचा शेवट, छाटणी करतातच. वरचा सगळा पसारा ओढून काढला, दोन ट्रॉल्या भरल्या. बुंध्यावर पालापाचोळा घातला, थंडी वाजू नये म्हणून.

कॅरनला फोनवर सांगितलं नाही. उगाच काळजी करतात.

राग: २. तोही उंदराचा.

१ सप्टेंबर
कोंब! बुंध्याशी, पालापाचोळ्यातून, एक नाही, चार! मी काय म्हणत होतो? छाटणी मानवली. नोलीन नऊ वर्षं उगाच जपत बसली.

बुचरकडून मेंढीची कलेजी आणून मुळाशी पुरली. पॅशनफ्रूटला कलेजी लागते, माझ्या आजोबांपासून सगळे पुरतात. पलीकडचा ब्लागोया कुंपणावरून बघत होता. तो मॅसेडोनियाचा, त्यांच्याकडे हे नाही. म्हणाला, अरे डेस, कोणाचा खून केलास? मी हसलो. मला चेष्टा कळते.

३ सप्टेंबर, सकाळी ६
ब्लागोयाच्या कुत्र्याने कलेजी उकरली. अंगणभर ओढत नेली. मी फावडं फेकलं. कुत्र्याला नाही लागलं. पाण्याच्या पाइपला लागलं. प्लंबर येईपर्यंत लेट्यूसचा वाफा तरंगत होता. कुत्रा कुंपणापलीकडे बसून ओठ चाटत होता.

ब्लागोया म्हणाला, फावडं माणसाला लागलं असतं तर? मी म्हटलं, माणसाने कलेजी खाल्ली नव्हती.

राग: १.

२१ सप्टेंबर
गोगलगायी. उरलंसुरलं लेट्यूस एका रात्रीत चाळणी. वाडग्यात बिअर ठेवली की त्या पडून मरतात म्हणे. सहा वाडगी भरली. बिअर उरली, ती टाकवेना. मग वाडग्यातली पण.

पहाटे उठून हाताने, पायाने, विटेने. एकसष्ट मारल्या. मोजल्या. उजाडल्यावर बघितलं तर लेट्यूसही विटेखाली आलेलं. लेट्यूसला तशीही चव नसते.

ब्रॉनविनला आकडा सांगितला. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, डेस, मोजताना काय वाटत होतं? मी म्हटलं, समाधान. तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं. प्रगती असावी.

११ ऑक्टोबर
ब्रोकोलीवर पांढरी फुलपाखरं. दिसायला गरीब, पण अळ्या पानं कुरतडून जाळी करतात. कॅरनची शाळेतली टेनिस रॅकेट सापडली. पहिला अर्धा तास वाया. मग हात बसला. सर्व्ह, बॅकहँड, स्मॅश. सोळा फुलपाखरं.

आणि ब्रोकोलीचे नऊ गड्डे. स्मॅश खाली येतो, त्याला काय करणार. एक गड्डा ब्लागोयाच्या अंगणात पडला. त्याने तो धुऊन नेला, रात्री सूप केलं म्हणाला. ब्रोकोलीची पहिली तोडणी त्याच्या घरात. बघा लोक.

राग: ३, सूपमुळे.

१८ ऑक्टोबर
बाकी सगळं जाऊ दे, वेल बघा. कुंपण झाकलं, शेडवर चढली, आता कपडे वाळत घालायच्या दोरीवर. मी कधी काही इतकं वाढवलं नव्हतं. रोज सकाळी चहा घेऊन तिच्यापाशी उभा राहतो. काही बोलत नाही. पाच मिनिटं. बरं वाटतं.

ब्लागोया आला, पान हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, नोलीनच्या वेलीचं पान तीन बोटांचं होतं, रुंद. हे पाच बोटांचं, चिंचोळं. मी म्हटलं, जोर आला की बोटं वाढणारच. त्याने माझ्या चहाच्या कपाकडे बघितलं आणि पान सोडून दिलं. त्याच्या मिरच्यांना यंदा कीड आहे. पोटात दुखतं माणसाच्या.

२ नोव्हेंबर
फुलं! निळी! नोलीनच्या वेलीला यायची ती पांढरी-जांभळी, ही मस्त निळी, पंख्यासारखी. मी वेलीची जातच सुधारली. फोटो काढला, पाठवला नाही. ख्रिसमसला समोरासमोर दाखवायचं. तिचा चेहरा बघायचाय.

१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७
पॉसम. मांजराएवढा, गुबगुबीत, झुबकेदार शेपटीचा. टोमॅटोचे शेंडे खातो आणि छतावर राहतो. त्याला पकडून लांब सोडायला कायद्याने बंदी. मारायला तर आहेच. टोमॅटोला मात्र कोणाचं संरक्षण नाही.

आधी बूट फेकला. मग दुसरा. बूट पन्हळीत अडकले. शिडी लावून झाडू घेऊन चढलो. पॉसम जागचा हलला नाही, फक्त तोंडातलं पान चावायचं थांबला. मी झाडू उगारला. पुढचं थोडं पुसट आहे. पन्हळ माझ्यासोबत खाली आली.

दोन बरगड्या. ब्लागोयाने हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, पॉसम कसा आहे? त्या हॉस्पिटलात सगळ्यांना विनोदबुद्धी आहे.

ब्लागोया गाडीत म्हणाला, नोलीनला फोन करू? मी ओरडलो. बरगड्यांमुळे नीट ओरडता आलं नाही.

राग: ४. दुखण्याचे दोन वजा करावेत.

२२ नोव्हेंबर
लिंबू. लघवी लिंबाला मानवते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तीन महिने नियमाने घालतोय, सकाळ-संध्याकाळ. पानं पिवळी. ब्लागोयाच्या बायकोने त्यांच्या मागच्या खिडकीला पडदा लावला.

वर फांद्यांना गाठी. आत बारीक माशीची अंडी. गाठी कापायच्या असतात. एक कापली, शेजारी दुसरी. कापत गेलो. बरगड्या दुखत होत्या, त्यामुळे करवतीला जरा जास्तच जोर लागला. संध्याकाळी बघतो तर जमिनीत एक खुंटी उभी. गाठ एकही नाही, हे मात्र खरं.

१ डिसेंबर
नोलीनचा फोन. वेल कशी आहे, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, बघशीलच. ती म्हणाली, हात अजून सकाळी आखडतो. मी म्हटलं, पोलाद हलकं होतं. मग कॅरन फोनवर आली. बाबा, तू परत तेच बोललास, म्हणाली. मी काय बोललो?

नोलीनची उशी उन्हात घातली. आधीच घातलेली बरी.

१४ डिसेंबर, दुपारी २
उरलेले टोमॅटो पिकले. बावीस. कापला, आत अळ्या. दुसरा, अळ्या. फळमाशी. किडकी फळं पिशवीत बांधून उन्हात ठेवायची असतात. पिशवी शोधायला शेडमध्ये गेलो. पिशवीच्या शेजारी घण होता.

बावीसच्या बावीस. काँक्रीटवर. भिंत लाल, शर्ट लाल, चष्मा लाल. ब्लागोया कुंपण ओलांडून धावत आला, पांढराफटक. माझं डोकं दोन्ही हातांत धरून कुठे लागलं ते शोधत होता. टोमॅटो आहेत कळल्यावर पायरीवर बसला. म्हणाला, डेस, मला वाटलं तू गेलास. आणि मग माझ्यावर ओरडला, त्याच्या भाषेत, बराच वेळ. रागीट माणूस. त्याला ही वही द्यायला हवी.

राग: लिहायचं राहिलं.

२४ डिसेंबर
बागेत आता फक्त वेल. ती पुरे. तिच्यावर फळं आहेत! नारिंगी, अंड्याएवढी. नोलीनची जांभळी असायची. ही नारिंगी.

एक कापलं. आत पोकळ. दोन-चार लाल बिया, चव काकडीच्या पाण्यासारखी. कच्चं असणार. दुसरं कापलं. तेही कच्चं. अकरा कापली.

उद्यापर्यंत पिकतील. ऊन आहे.

२५ डिसेंबर
नोलीन दहाला आली. कॅरनने गाडी चालवली. नोलीनने निळा ड्रेस घातलेला, बाही लांब. मी म्हटलं, बॅग आणतो. ती म्हणाली, आधी वेल बघू.

मी पुढे, ती मागे. कुंपण, शेड, दोरी, सगळं हिरवं, वर निळी फुलं. मी बाजूला झालो, तिचा चेहरा बघायला. तिने एक पान हातात घेतलं. बोटं मोजली. ओठ हलत होते. पाच. मग खाली बसली, बुंध्यावरचा पालापाचोळा हाताने बाजूला केला. तिथे तो जुना तुकडा होता, वाळलेला, सरळ कापलेला.

म्हणाली, कधी? मी म्हटलं, ऑगस्ट. म्हणाली, मशीनने? मी उंदराचं सांगायला लागलो. ती म्हणाली, डेस. मी म्हटलं, हो.

मग तिने समजावून सांगितलं, आवाज न चढवता. ते कलम होतं. खाली रानटी जातीचा खुंट, वर चांगली वेल बांधलेली. मी जोडाच्या खाली कापलं. चांगलं होतं ते ऑगस्टमध्येच मेलं. हा खालचा खुंट फुटलाय. हा असाच वाढतो, सगळीकडे पसरतो, याला खाण्यासारखं काही लागत नाही. नऊ वर्षं, म्हणाली.

ब्लागोयाला ऑक्टोबरपासून माहीत होतं. नंतर विचारलं तर म्हणाला, तू रोज चहा घेऊन उभा राहायचास, कसं सांगू?

नोलीनने पावलोवा केला. क्रीम घोटताना दोनदा हात बदलला. मी घोटतो म्हटलं, तर वाडगं दिलं नाही. मग तिने पर्समधून पॅशनफ्रूटच्या गराचा डबा काढला. गोलबर्नच्या दुकानाचं लेबल. म्हणजे निघण्याआधीच घेतलेला. वेल बघण्याआधी. काहीच बघण्याआधी.

जेवलो. कॅरन हवामानावर बोलली. चार वाजता नोलीनने आपलं वाडगं धुतलं, पुसलं आणि सोबत नेलं. बॅग गाडीतून उतरलीच नाही. एक तुकडा बशीत माझ्यासाठी ठेवला, वर फॉइल. दारात म्हणाली, फॉइल काढून खा. तेव्हा मला रडू आलं. ती गाडीत बसली होती.

संध्याकाळी साडेआठ, अजून उजेड
पहिल्या पानावर जाऊन दुरुस्ती केली. पोलाद हलकं, हे खोडलं. किरकोळ, हेही. नोलीन सिंकपाशी उभी आहे हे मला मशीनपासून दिसत होतं. मी तरी घण मारला. लिहिलं ते.

बशी व्हरांड्यातल्या टेबलावर होती. वहीतून वर बघितलं तर पॉसम. फॉइल त्याने व्यवस्थित बाजूला केलेलं. झाडू हाताशी होता. पॉसम माझ्याकडे बघत खात होता, आधी गर, मग क्रीम, मग केक. मी समोर बसून राहिलो.

राग: शोधला. काही सापडलं नाही. नुसती लाज.

बशी त्याने चाटूनपुसून साफ केली. डब्यातला गर होता, तरी त्याला आवडला.