त्या ओळीचं वजन

१२ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तिची खरी तक्रार तू फोन करत नाहीस ही आहे. बाबांनी खिडकीला कडी बसवली, उलटी. ऑफिसात तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे. एवढं सांगायला कोणी पत्र लिहितं का, म्हणशील. इथपर्यंत येईतो मी तीनदा उठून पाणी प्यायलोय.

आपल्या ऑफिसने हॉस्पिटलसाठी केलेल्या, औषधाचा डोस काढणाऱ्या प्रोग्रामबद्दल लिहायचंय. सिस्टरनी त्या छोट्या मुलीचं चुकून एकवीस किलो टाकलेलं वजन दुरुस्त करून बारा केलं. पडद्यावर बाराच दिसलं, डोस मात्र एकवीसचा निघाला. सिस्टरना शंका आली म्हणून मुलगी वाचली. आणि फाईलवर तुझं नाव होतं म्हणून तुझी नोकरी गेली.

प्रोग्राममध्ये कुठलं नाव कुठपर्यंत चालतं, तो 'स्कोप' मला शिकवताना तू म्हणाली होतीस, आपल्या घरात 'बाळ' अशी हाक मारली की तू ओ देतोस, मामाच्या घरात मारली की त्यांचा बाळ देतो. नाव तेच, पण जो आत आहे तो आधी ऐकतो, आणि त्या घरातून बाहेर पडलं की तो संपला. मी मोठ्या शहाण्यासारखी मान डोलावली होती.

सिस्टरनी वजन दुरुस्त केलं की प्रोग्रामने बाहेरचं 'वजन' बदलायला हवं होतं. मी त्याऐवजी आत त्याच नावाचं नवीन 'वजन' तयार केलं. बारा त्यात गेलं, पडद्याने तेच दाखवलं, आणि तो भाग संपताच तेही संपलं. डोस काढणाऱ्या ओळीला बाहेरचं जुनं एकवीसच मिळालं.

ती ओळ माझी आहे, ताई. तू रजेवर होतीस तेव्हा तुझ्या लॉगिनवरून मी ती घातली.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे कोणी केलं?" तू म्हणालीस, "लॉगिन माझं आहे, जबाबदारी माझी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मी समोर बसून नखं कुरतडत होतो. तुला माहीत होतं ना? तेव्हापासून मला कुठेच धड बसवत नाही. फार लाज वाटते गं.

इथवरच्या पत्राची प्रत आत्ताच साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. ते दहाला येतात. पावणेदहा झालेत, आणि ती परत उचलून आणावी असं सारखं वाटतंय. म्हणून हे पाकीट घेऊन पोस्टात निघालो, म्हणजे साहेब येईपर्यंत ती उचलायला मी तिथे नसेन.

त्या ओळीचा मालक,
तुझा बाळ