तांबीचा वाटा

अणशीवरची वाडी, पेटा सुपे
चैत्र वद्य पंचमी, शके १८४२

तीर्थरूप आण्णा यांसी,

केशरचा साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मीठ घेऊन येणाऱ्या बैलवाल्याबरोबर पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. फणस यंदा बुंध्यापासून लगडलेत. म्हशीचं दूध आटलं आहे, पण ती गाभण आहे, तेव्हा तिला दोष नाही. शांतावहिनींचा गुडघा कसा आहे? सोबत रानातली मुळी पाठवली आहे. ती उगाळून लावायची आहे. मागच्या खेपेला तुम्ही ती प्यायला दिलीत आणि वर मलाच बोल लावलात.

अक्षय्य तृतीयेला गाडी पाठवतो, कायमची खानापुरास निघून ये, असं तुम्ही लिहिलंत. कुत्री मात्र आणू नकोस, असंही लिहिलंत. आधी कुत्रीचं लिहिते, कारण ते सोपं आहे.

तुम्ही म्हणता, गावठी कुत्र्यात जीव काय अडकवायचा, बेळगावच्या कॅम्पातल्या साहेबाच्या बटलरकडून तुला केसाळ पिल्लू आणून देतो. ते मांडीवर बसतं आणि माणसासारखा हात देतं म्हणे. आण्णा, त्याचा हात हातात घेऊन मी काय करू? इथे पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात चिखलणी असते. तुमचं ते केसाळ बाळ पहिल्याच आठवड्यात जळवांनी सोलून काढलं असतं, आणि त्याला कडेवर घेऊन मी लावणी केली असती.

आमच्या डोंगरातली ही जात तुम्ही नीट पाहिलीच नाहीत. आलात तेव्हा दोन दिवस राहिलात आणि दोन्ही दिवस तांबीच्या अंगावर काठी उगारलीत. तिचे उभे कान, आखूड तांबडे केस आणि दिसणाऱ्या फासळ्या बघून तुम्ही म्हणालात, हिला कुणी खायला घालत नाही का. तिला माझ्याइतकंच मिळतं. ही जात खाऊन फुगत नाही, एवढंच.

ती शेपूट हलवते, नाही असं नाही, पण मोजकीच हलवते. उगाच भुंकत नाही. परका माणूस आला तर घशातून एकदाच हुंकार देते, सापाला वेगळा, डुकराला वेगळा. मी चुलीपुढून न उठता सांगते, दारात कोण आहे. कोंबडीचं पिल्लू ओहोळाकडे भरकटलं की तोंडात धरून आणते आणि माझ्या पायाशी ठेवते, ओलं होतं पण सगळं जागच्या जागी असतं. हिरडीला जळू चिकटली की समोर येऊन बसते आणि ओठ वर करून दाखवते. मी चुना लावते, जळू पडते, ती शिंकते आणि निघून जाते. आभार वगैरे काही नाहीत. सुकी मासळी चोरताना सापडली तर माझ्याकडे बघतच नाही. समोरच्या फणसाकडे असं निरखून बघत बसते, जणू हा फणस विकत घेणारी तीच आहे.

आणि एक खोड अशी आहे की कुणालाही वेड लागेल. हाक मारली की ती येत नाही. कान हलवते, विचार करते, आणि बसून राहते. पण तुम्ही पाठ फिरवून रानाच्या वाटेला लागा, ती पुढे. वळणावर थांबते, तुमची पावलं ऐकू आली की पुन्हा चालू लागते. एकट्याला जाऊ देत नाही. मला तिची ही खोड फार आवडते आण्णा, हे स्पष्टच लिहिते. सासरी आल्यापासून मला हाका मारणारे पुष्कळ भेटले. पुढे चालून वाट बघणारी ही एकटीच.

हे वारले तेव्हा मला वाटलं होतं ती त्यांच्या मागे जाईल, सरणाच्या जागी बसून राहील. ती तिकडे फिरकली नाही. आली आणि उंबऱ्यावर आडवी झाली. लोक म्हणाले, कसली बेइमान जात. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या म्हणाल्या, "ही कुत्री मानसाची न्हवंत बाई, चुलीची हायत. चूल पेटती हाय तवर हलायची न्हाईत."

आता सोपं संपलं.

शिमग्याच्या पारधीत मी काय केलं असं तुम्ही विचारलंत. लखू भावजींनी तुम्हाला जे कळवलं ते अर्धं आहे. बाकीचं अर्धं मी लिहिते.

तुम्हाला इथली रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. शिमगा झाला की वाडी पारधीला निघते. दर चुलीमागे एक माणूस जातो. ज्या घरात जायला माणूस नाही, ते घर कुत्रं पाठवतं. मिळालेल्या शिकारीचे वाटे देवाच्या झाडाखाली पानांवर मांडतात. कुत्र्याचा वाटा माणसाच्या वाट्याएवढाच असतो, आणि कुत्रं ज्याचं ऐकेल त्याच्यापुढे तो ठेवतात. ज्या चुलीच्या नावाने पान पडत नाही, ती चूल विझली असं गाव धरतं, आणि तिचं शेत भाऊबंदांकडे जातं. मागल्या वर्षी घरात सुतक होतं म्हणून मला सूट मिळाली. यंदा ती नव्हती.

मी तांबीचा दोर वाडीचे प्रमुख, आमचे गावकार म्हादूकाका, यांच्या हातात दिला. भावजी हसले. त्यांची स्वतःची कुत्री दिवसभर वानरांच्या मागे धावून दमली. डुक्कर निघालं ते तांबीने काढलं आणि ओहोळाच्या कोपऱ्यात नुसतं समोर उभं राहून अडवून धरलं, दात न लावता. बंदूकवाला पोचेपर्यंत तिने त्याला हलू दिलं नाही. हे म्हादूकाकांनीच चारचौघांत सांगितलं.

मग पानं मांडली. बायका लांब उभ्या होत्या, मी त्यांच्याही मागे. भावजी पुढे होऊन म्हणाले, "कुत्री माझ्या भावाची. भाऊ गेला, म्हंजी माझी. ह्यो वाटा माझ्या पानावर टाका."

म्हादूकाका म्हणाले, "तुझी हाय तर हाक मार की."

भावजींनी हाक मारली, चुचकारलं, मांसाचा तुकडा दाखवला. तांबी डुकराच्या रक्ताशेजारी बसून राहिली.

"आता तू मार गं केशर," काका म्हणाले. माणसं कुजबुजली, विधवा बाई देवाच्या झाडापुढे कशी येईल म्हणून. मी आले. पदर खोचला आणि हाक मारली.

ती आली नाही.

भावजी म्हणाले, "बघा, हिचंबी न्हाई." सगळे माझ्याकडे बघत होते. दुसऱ्यांदा हाक मारावी, गयावया करावी, असं एकदा मनात आलं. मग माझाच मला राग आला. ही कुत्री मी पिल्लापासून वाढवली, हिचा स्वभाव मला कळत नसेल तर वाटा मागायचा कशाला? मी पाठ फिरवली आणि घराच्या वाटेला लागले. वळणाशी पोचले तर तांबी पुढे उभी.

मागून म्हादूकाकांनी यांचं नाव घेऊन आवाज दिला, "पान मांडा रं. नारायणाच्या चुलीचं."

मी परत फिरले, सगळ्यांसमोर बसले आणि वाटा पदरात घेतला. होय, पुरुषांच्या पंगतीत बसले. भावजींनी कळवलं ते एवढं खरं आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

भावजी तेव्हा रागात जे बोलले ते त्यांनी तुम्हाला लिहिलं नसणार. ते म्हणाले, "हिच्या आण्णांनी उळवीच्या जत्रेत माझ्या हातावर हात मारलाय. हिला घेऊन जातो, शेत तू कर म्हनून. इचारा त्यास्नी."

म्हणून विचारते. तुम्ही माघात उळवीला गेलात, उळवीहून माझ्या घरची वाट एका दिवसाची, आणि तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, कामाची घाई असेल. तुम्ही लखू भावजींबरोबर बसून माझ्या चुलीचा निकाल लावत होतात. मला एक शब्द विचारला नाही. माझ्या काळजीपोटी केलंत, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. माझ्या वयाच्या बाईने रानात एकटं राहू नये असं तुम्हाला मनापासून वाटत असेल. पण मी खानापुरात तुमच्या माजघरात वहिनींची भाकरी थापत म्हातारी होणार आणि इथे माझ्या बांधावर भावजींचे बैल चालणार, हे ठरवताना तुमचा हात अडखळला नाही, याचं मला फार दुःख झालं. राग तर आहेच. तो लपवत नाही.

मी येणार नाही. गाडी पाठवू नका, बैल फुकट दमतील. बियाणं काढून ठेवलं आहे, पेरणी मी करणार. भावजींना मी तोंडावर सांगितलं आहे, आता तुम्हीही त्यांना लिहून कळवा, तुमच्या हाताने, की उळवीचा तो शब्द तुमचा होता, माझा नव्हता.

माहेर तुटावं असं मला वाटत नाही. भाऊबीजेला या. मी ओवाळीन, नाचण्याची भाकरी आणि मासळीचं कालवण करीन, आणि हा विषय काढणार नाही. मात्र काठी घेऊन येऊ नका. अंगणाच्या कडेला उभे राहा आणि थांबा. तांबी येईल, तुम्हाला हुंगेल. तिला घाई करू नका, मी आतून हाकही मारणार नाही. ती बाजूला झाली तर आत या. तोवर उभं राहावं लागलं तर राहा आण्णा, मी देवाच्या झाडाखाली याहून जास्त वेळ उभी होते.

शांतावहिनींना नमस्कार. उत्तर पाठवायचं असेल तर ते माझ्या नावावर पाठवा, भावजींच्या नव्हे.

तुमची धाकटी बहीण आणि या घराची मालकीण,
केशर