हिरव्या माउथवॉशची बाटली

रोंडा,

कुत्र्याला खायला घातलंय. आईच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये आहेत. गॅल्व्हस्टनच्या बंदरावर माझी वाट बघू नका, मी सहलीच्या जहाजावर येत नाही. आईला सांग, माझं पोट बिघडलंय.

तुझी माउथवॉशची बाटली मी बेसिनमध्ये ओतली. उगाच ओरडू नकोस. व्होडकात हिरवा रंग घालून ती माउथवॉशच्या बाटलीतून जहाजावर चोरून न्यायची, ही अक्कल मीच तुला शिकवली होती. तरी सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. माझं माउथवॉश संपलं होतं, म्हणून तुझं घेऊन चूळ भरली.

चर्चमध्ये दारू सोडलेल्यांची बैठक असते, तिथे चाललेय. फोन करू नकोस.

पहिली चूळ थुंकले गं. दुसरी गिळली.

डार्ला