मोठ्या मडक्यातलं पिल्लू

मी, अलुग्बा दोसू, वय अंदाजे एकोणसत्तर, धंदा मडकी घडवणं, राहणार उइदा, पूर्ण भानावर असताना, कुणाच्या दडपणाशिवाय ही शेवटची व्यवस्था सांगत आहे. लिहिणारे शाळेचे मास्तर. पोटातली गाठ मक्याच्या कापणीपर्यंत थांबणार नाही.

१. घर आणि भट्टी माझा भाचा बोसू, म्हणजे भावाचा मुलगा, याला. अट एकच. भट्टीच्या पेंढ्यात सापडलेलं अजगराचं पिल्लू त्यानं मनगटाएवढं जाड होईतो सांभाळावं, मग अजगरांच्या देवळात नेऊन द्यावं. दारी आलेल्या अजगराला हाकलायचं नाही, ही आपली रीत. आत्ताच रानात सोडलं तर परदेशात विकणारे धरतील. बोसूनं विचारलं, "आत्या, घर मला देतेस की सापाला?" मी म्हटलं, "आधी सापाला. उरलं तर तुला." तो अट पाळेल असा भरवसा नाही. पण मला दुसरं कुणी नाही.

२. थापी आणि घोटायचे दगड बोसूच्या बायकोला. तिच्या मडक्याला बूड टिकत नाही, पण शिकेल तर शिकेल.

३. पिल्लाचं घर: झाकणाची पसरट कुंडी. एक बाजू उन्हानं तापावी, दुसरी सावलीत गार राहावी. ताटलीत पाणी. लपायला मुठीएवढं मडकं, त्यात कोरडा पाला. झाकणाला बारीक भोकं आणि वर दगड, कारण ते फटीतून निसटतं. आठवड्याला उंदराचं एक पिल्लू द्यावं. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नये.

४. हे मी चूक करून शिकले. देवाचा पाहुणा म्हणून मी त्याला माझं सर्वांत मोठं, धान्याचं मडकं दिलं. सात आठवडे त्यानं तोंड उघडलं नाही. कडेला गोळा होऊन पडायचं. देवळातले म्हातारे अगोसू आत डोकावले आणि म्हणाले, "अलुग्बा, ते घाबरून उपाशी मरतंय. एवढ्या मोकळ्यात त्यानं पाठ कुठं टेकवायची?" मुठीएवढं मडकं आत ठेवलं, चौथ्या दिवशी त्यानं खाल्लं. मी अंगणात बसून रडले. लोकांना वाटलं, आनंदानं.

५. ते मोठं मडकं कोतोनू शहरातल्या आयाबाला, माझ्या नणंदेला. माझी लेक हुएफा आठ वर्षांची असताना आयाबानं तिला कामाला आणि शाळेला म्हणून आपल्याकडे नेलं. दुमजली घर, अकरा खोल्या. मी गावभर मिरवलं. आयाबानं तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, म्हणून मला धड शिव्याही देता आल्या नाहीत. पोरच जेवेना. दिवाणखान्यात एकटी निजायची. मासळीवालीबरोबर तिनं निरोप धाडला, "आईला सांगा, इथं फार मोकळं आहे. मला भट्टीमागं निजायचंय." मी उलट निरोप दिला, "मोकळ्या जागेला कुणी भितं का? होईल सवय." अडीच महिन्यांनी तिला चादरीत गुंडाळून आणलं.

६. बोसू, पिल्लू जेवलं नाही तर वाट बघू नकोस. त्याच दिवशी अगोसूंना बोलाव.

७. मला हुएफाला लागून पुरावं. आमच्या दोघींच्या मधे मोकळी जागा ठेवू नये.

वाचून दाखवलं, पटलं. माती मळून अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत. उमटेल तो डाग माझाच समजावा.

साक्षीदार: अगोसू, देवळाचे सेवक (अंगठा)
साक्षीदार व लेखक: मास्तर फिदेल आहो (सही)
उइदा, ११ मार्च २०१४