दुसऱ्या गिअरची जबाबदारी

२ मार्च, शनिवार

गाडी जॅकवर घेतली. चार वाजता गिअरबॉक्स उतरवला. तो माझ्या छातीवर उतरला. पाच वाजता शेजारचे दातांचे डॉक्टर आले आणि त्यांनी तो उचलला. मधला तासभर खालून गाडीचं निरीक्षण केलं. बरीच माहिती मिळाली.

ही हिची गाडी. दोन सीटची स्पोर्ट्स कार, हिरवी, आमच्या लग्नाच्याही आधीची. चालवायची ही. मी डावीकडे. चढावर दुसरा गिअर निसटायचा, म्हणून ही म्हणायची, "अहो, धरा." मग वळण संपेपर्यंत मी लिव्हर धरून बसायचो. बावीस वर्षं ती जबाबदारी माझी होती. मी कधी सोडला नाही.

हिला जाऊन आठ महिने झाले.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, गाडी नुसती उभी राहून सडतेय, गिऱ्हाईक तयार आहे, देऊन टाका. मी म्हणालो, निसटणाऱ्या गिअरची गाडी देणं बरं नव्हे, आधी दुरुस्त करतो. म्हणाली, कोण करणार? मी म्हणालो, मी. तिने पुन्हा विचारलं, कोण? मी पुन्हा म्हणालो, मी. शेवटी ठरलं: २० एप्रिलला ती येईल. गाडी टेकडी चढली तर घरातच राहील. नाही चढली तर त्याच दुपारी गिऱ्हाईक घेऊन जाईल.

सात आठवडे आहेत. मला तीन पुरतील. उरलेल्या चारांत नवा रंग देऊन घेईन.

३ मार्च

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला मिस्त्री आला. इतकी वर्षं गाडी त्याच्याकडेच जायची. दारातून गिअरबॉक्स पाहिला आणि म्हणाला, साहेब, उतरवायच्या आधी मला एक शब्द विचारायचा होता हो. मी म्हणालो, नकाशांच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढली आहेत, अर्ध्या मिलिमीटरची चूक नाही. तो म्हणाला, तसं नाही, मला दुसऱ्या गिअरचं काही सांगायचं होतं. मी म्हणालो, दुसऱ्या गिअरबद्दल मला कुणी सांगायची गरज नाही. चहा न घेताच गेला. या लोकांना स्पर्धा सहन होत नाही.

९ मार्च, शनिवार

उघडला. एकशे चौदा भाग. प्रत्येकाला डबी, डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकृती.

एक दांडी ओढताना आतून स्प्रिंग आणि मटाराएवढी पोलादी गोळी सुटली. स्प्रिंग कपाळावर सापडली. गोळी नाही.

११ मार्च

गोळीचा शोध. डॉक्टरांनी त्यांचा तो छोटा आरसा आणला आणि पालथे पडून कपाटाखाली पाहिलं. सवयीने कपाटाला "अजून थोडा आ करा" म्हणाले. मिळाली नाही.

निघताना त्यांनी विचारलं, खुंटीवरच्या कोटात बघितलं का? कोट हिचा आहे. मी म्हणालो, गोळीचा कोन पाहता ती तिकडे जाऊच शकत नाही. त्यांना आकृती काढून दाखवली. आकृती पाहून त्यांनी आरसा खिशात घातला. कोटाला हात लावलेला नाही.

सायकलच्या दुकानातून तशीच गोळी आणली.

१७ मार्च, रविवार

दुसरा गिअर भिंगाखाली तपासला. बाकीच्यांचे दात झिजून गोल झालेत. हा झिजलेला असणार अशी खात्री होती, तर हा चकचकीत! जणू कालच घडवलाय. दोनदा पुसून पाहिला.

निष्कर्ष: माझ्या धरण्याने वाचला. मनापासून धरलं की पोलादालाही ते कळतं. डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, दातांच्या बाबतीत असं झालेलं पाहिलं नाही. त्यांचं क्षेत्र वेगळं आहे.

२४ मार्च

तीन आठवडे झाले. अजून तीन पुरतील.

३१ मार्च, रविवार

आज कळस! गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात म्हटलंय, शाफ्ट गार करा, बेअरिंग तापवा, म्हणजे ते अलगद बसतं. शाफ्ट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला होता, वर चिठ्ठी: 'खाऊ नये.' घरात मी एकटाच आहे, पण पद्धत म्हणजे पद्धत. बेअरिंग ओव्हनमध्ये. मग चिमट्यात धरून स्वयंपाकघरातून गॅरेजपर्यंत पळालो. वाटेत एक वहाण गेली. बेअरिंग डोक्यावर टोपी बसावी तसं बसलं!

मी ओरडलो. आयुष्यात असा ओरडलो नव्हतो. डॉक्टरांचा एक पेशंट तोंडात कापूस घेऊन खिडकीत आला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

हिला सांगायला आत गेलो. मग ओव्हन बंद केला.

१२ एप्रिल

जोडणी पूर्ण. एकशे तेरा भाग आत. एक बारीक पिन उरली, काडीच्या गुलाएवढी. पुस्तकातल्या चारही आकृत्या पाहिल्या. हिच्यावाचून सगळं बसलं, म्हणजे कंपनीने जास्तीची दिलेली. जुन्या कंपन्या उदार होत्या. डबी केली. चिठ्ठी: 'जादा.'

रंग रद्द. जुना रंगच शोभतो.

१९ एप्रिल, शुक्रवार

गिअरबॉक्स गाडीत बसवला. डॉक्टरांनी खालून उचलून धरला. दुपारच्या तिन्ही अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या त्यांनी. चाचणी घेतली नाही. शंका असेल त्याने चाचणी घ्यावी.

२० एप्रिल, शनिवार, दुपारी तीन

घडलं ते क्रमाने लिहितो.

मुलगी दहाला आली. वरती वारा असतो म्हणत तिने खुंटीवरचा कोट चढवला. तिला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. खिशात हात घातला आणि म्हणाली, बाबा, ही कसली गोळी?

ती चालवायला बसली. मी डावीकडे. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. लिव्हर दुसऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच रुतली. क्लच सोडल्यावर गाडी जागच्या जागी उसळली, खोकली आणि मेली. लिव्हर हलेना. दोघांनी मिळून ओढली तरी हलेना.

मिस्त्री फाटकाशीच उभा होता. सकाळपासून असावा. आत आला, डब्यांवरून नजर फिरवली आणि 'जादा' उचलली. म्हणाला, साहेब, ही पिन नसली की दोन गिअर एकदम पडतात. आत्ता दोन पडलेत.

मुलगी मला सावरायला म्हणाली, पण काका, दुसरा निसटायचा तो तरी थांबला ना?

मिस्त्री खाली बघायला लागला. मग म्हणाला, ताई, तो सहा वर्षांपूर्वीच थांबलाय. नवा घातला मी. वहिनी म्हणाल्या होत्या, यांना सांगायचं नाही. मी म्हटलं, का हो? तर म्हणाल्या, मग ते हात कुठे ठेवतील?

मुलगी हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती, भोंगा वाजत राहिला. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसून बाहेर गेली.

दोन वाजता गिऱ्हाईक आलं. एकदम दोन गिअर म्हटल्यावर त्याने बसूनसुद्धा पाहिलं नाही. मुलगी म्हणाली, राहू दे बाबा, ही आता आपल्याशिवाय कोण ठेवणार. म्हणजे गाडी राहिली. माझी योजना साधारण हीच होती.

सोमवारी मिस्त्रीसमोर पुन्हा उघडायचा. त्याला चहाला बोलावलं आहे.

त्याच दिवशी, सायंकाळी साडेसहा

मुलगी गेली. कोट पुन्हा खुंटीवर. गोळी तिने खिशातच ठेवली.

गॅरेजमध्ये जाऊन डावीकडे बसलो. लिव्हर दुसऱ्यातच अडकलेली आहे. निसटायचा प्रश्नच नाही. तरी धरली. हात भरून आला तेव्हा उतरलो.

मग पेन घेऊन डबीवरचं 'जादा' खोडलं आणि झाकण लावलं.