बाहेरच्या माणसांना फोन

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुझ्या वायरमन मित्राच्या हातात देतेय. तू कुठे आहेस ते त्याला मुद्दामच विचारलं नाही. जे मला माहीतच नाही, ते माझ्या तोंडून कोणी काढून घेणार नाही. हल्ली अशीच झालेय मी. फोन वाजला की आधी नंबर बघते, मगच उचलते.

पहिला फोन चष्म्याच्या दुकानात आला. माणूस इतका गोड बोलला म्हणून सांगू! "ताई, तुमच्या भावाचा नवा पत्ता मिळेल का? जुना दोस्त आहे." मी म्हटलं, मलाही माहीत नाही. वाटलं, मिटलं. तर पुढच्या आठवड्यात त्याने थेट आमच्या मालकांनाच गाठलं. मी एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते आणि मालकांनी भर दुकानात विचारलं, "काय गं, तुझा भाऊ कर्ज बुडवून पळालाय म्हणे?" आजोबांनी चष्मा काढून हळूच काउंटरवर ठेवला. मालक माणूस वाईट नाही रे, पण त्या दिवसापासून गल्ल्याची किल्ली त्यांच्याच खिशात असते.

आमच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई आहेत. त्यांना धीर करून विचारलं. त्या भडकल्याच. म्हणाल्या, "तुम्ही जामीन आहात का? नाही ना? मग तो कुठे भेटेल एवढंच हे वसुलीवाले तुम्हाला विचारू शकतात, तेही एकदाच. त्याच्या कर्जाबद्दल बाहेरच्या माणसाजवळ अवाक्षर काढायची त्यांना बंदी आहे." त्यांनी कडक नोटीस धाडली आणि दुकानातले फोन थांबले.

पण तोंडं बंद होईपर्यंत बोलायचं ते बोलून झालं होतं. नोटीस पोचण्याआधीच खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन गेला होता. त्यांनी आईला जिन्यातच गाठलं. तू कामासाठी फिरतीवर आहेस, असं मी आईला सांगत आले होते. ती वर आली, भाजीची पिशवी टेबलावर ठेवली. काकूंकडून नंबर आणला होता, तो लावला.

मला वाटलं, आता ती त्याची चामडी सोलणार. आपली आई म्हणजे तुला माहीत आहे. पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी त्याची आई बोलतेय. तुम्ही त्याला इतकं शोधताय, तर तुम्हाला ठाऊक असेल. तो बरा आहे ना? एवढंच सांगा."  पलीकडून फोन कट झाला.

म्हणून लिहितेय. पैशांचं नंतर बघू. वकीलबाई म्हणतात, हप्ते बांधून मिळतात, त्या तुझ्याबरोबर यायला तयार आहेत. ज्यांच्यापासून तू लपवत होतास त्या सगळ्यांना आता कळलंय, आणि घर अजून जागेवर आहे. पत्ता नको कळवूस हवं तर. एक फोन कर, आणि तो आईला कर. अनोळखी नंबर दिसला की ती हातातलं काम टाकून धावते.

वाट पाहणारी, तुझीच
ताई