थेंब विकायला काढला तेव्हा

कुपवाड,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रीतीस,

जय जिनेंद्र. अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, ते तुझं बरोबरच आहे. म्हणून पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर सवयीनं 'चि. सौ.' लिहून गेलो, तो फाडला. हा दुसरा.

तुझ्या आईंना नमस्कार, भाऊ साईराजला आशीर्वाद. जतकडं शाळू पेरून झाला असेल. इकडं ऊसतोडीचे दिवस आले, त्यामुळं वर्कशॉपमध्ये ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची रांग लागली आहे. ज्ञानू अजून माझ्याकडंच वेल्डिंगला आहे, तुझी चौकशी करतो. तुझ्या आत्याचे गुडघे फार दुखायलेत. बस्तीत दर्शनाला जाते, पण पायरीवर बसून राहते, आत जात नाही.

बातमी अशी की थेंब विकायला काढला होता.

दहा महिने तो शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभा होता. तुझी आत्या म्हणायची, "ते माझ्या डोळ्यांपुढनं हलवा." मीही तिकडं बघायचं टाळत होतो. शेवटी ज्ञानूला म्हटलं, मोबाईलवर जाहिरात टाक. त्यानं लिहिलं : जीपच्या मागं जोडायची, घरी बनवलेली, थेंबाच्या आकाराची गाडी. आत दोघांना झोपायची सोय, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. मग मला विचारलं, "मालक, अपघात झालेला न्हाई असं लिहू का?"

मी म्हटलं, "लिही."

फोटो बघून मला सगळं आठवलं. तुमच्या लग्नानंतर भरतेशनं जमिनीवर खडूनं काढलेला तो आकार, त्यावरून मी आणि त्यानं वाकवलेला लोखंडी अँगल. आतलं प्लायवूड तू घासलंस, पडदे तू शिवलेस. सात महिन्यांत मी माझ्या पोराशी जेवढं बोललो तेवढं त्याच्या आधी तीस वर्षांत बोललो नव्हतो.

गेल्या रविवारी गिऱ्हाईक आलं. साताऱ्याकडचे वीरधवल म्हणून एक, ऑगस्टमध्ये फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बरोबर बायको, क्रांती. तो मला म्हणाला, "बावीस वर्सं ही गावाकडं आन् मी बॉर्डरला. आता जिथं जिथं मी हुतो तिथं तिथं हिला न्यायचं हाय. लॉजचा नाद नको, आपलंच घर मागं बांधून न्यायचं." लोखंडावर टिचकी मारून बघितली, हूक बघितला, चाकं बघितली. काम लय पक्कं हाय म्हणाला. किमतीला घासाघीससुद्धा केली नाही.

त्याची बायको चपला बाहेर काढून आत शिरली आणि आडवी झाली. तुझ्या पडद्यावरून हात फिरवत होती. नवऱ्याला म्हणाली, "आवं, हितनं मी बाहेरच येत न्हाई आता." दोघं हसले. मग तिनं आतूनच मला विचारलं, "काका, लय थंडी असली तर शेगडी आत घेतली तर चालंल का?"

आणि मी म्हणालो, "झरोका उघडा ठेवा, काही होत नाही."

प्रीती, हे वाक्य मी दुसऱ्यांदा बोललो.

पहिल्यांदा बोललो ते तुला माहीत नाही. मेढ्याच्या वर डोंगरात तुम्ही थेंब लावलात, त्या दिवशी तिन्हीसांजेला भरतेशचा मला फोन आला होता. तू तेव्हा झऱ्यावर पाणी आणायला गेली होतीस. तो म्हणाला, "पप्पा, इथं गारठा फार आहे. कोळशाची शेगडी थोडा वेळ आत घेतली तर चालेल ना? बाहेर तर उभं राहवत नाही." मी इथं ट्रॉलीच्या कामात होतो. ग्राइंडर बंदसुद्धा केला नाही, कानावर हात ठेवून ओरडून सांगितलं, "झरोका उघडा ठेवा, काही होत नाही."

झरोका बंद होता. मी बंद केला होता.

सप्टेंबरात तुम्ही पावसात फिरून आलात, तेव्हा भरतेश म्हणाला होता की टपावरच्या झरोक्यातून गादीवर पाणी गळतंय. त्यावर पत्र्याची टोपी करून बसवायची होती. वेळ नव्हता, म्हणून तात्पुरता एक सपाट पत्रा वरून लावला. चार रिव्हेट मारले, कडेनं सिलिकॉन भरलं. टोपी नंतर करू म्हटलं. तुम्हाला दोघांनाही सांगितलं नाही आणि मग विसरूनच गेलो. झरोक्याचं आतलं सरकतं झाकण तसंच होतं. ते तुम्ही उघडलंत, म्हणजे झरोका उघडला असंच तुम्हाला वाटणार. अंधार पडलेला होता, वरून उजेड येत नाही हे कळायला काही मार्ग नव्हता.

सकाळी मेढ्याहून फोन आला, पलीकडचा माणूस बोलत होता आणि मला तो पत्रा आठवला. तो काय सांगणार हे त्याच्या आधी मला कळलं.

पंचनाम्याला मी होतो. तू तेव्हा दवाखान्यात बेशुद्ध होतीस. हवा यायला काही आहे का, असं मला विचारलं. मी आत वाकलो आणि झाकण बोटानं मागं-पुढं सरकवून दाखवलं. "आहे की," म्हटलं. धुकं होतं, माझा पोरगा शेगडीच्या कोंडलेल्या धुरानं गेलेला होता, कुणी टपावर चढून बघितलं नाही. आठ दिवसांनी ज्ञानूनं थेंब कुपवाडला आणला. त्याला मी सांगलीला सामान आणायला पाठवलं, रिव्हेट ड्रिलनं काढले, पत्रा उचलला, सिलिकॉन खरवडलं, भोकं बुजवून वर रंग मारला. कुठं खूण राहिली नाही ना, ते दोनदा बघितलं. हे मी रोज आठवतो.

दुखवट्याला आलेल्या माणसांसमोर तुझी आत्या सासू होऊन तुला काय काय बोलली ते सगळं इथं परत लिहीत नाही. दाराकडं स्वतः झोपली आणि माझ्या पोराला आत ढकललं, थंडी वाजते म्हणून झाकण हिनंच सरकवलं, असं तिचं म्हणणं. तू पहिल्या दिवशी म्हणालीस, "आत्या, झाकण उघडं होतं, मी बघितलं होतं." आठव्या दिवशीही तेच म्हणालीस. मग महिन्याभरानं, साईराज तुला न्यायला आला त्या दिवशी, तू सोप्यात बसून खाली मान घालून म्हणालीस, "मीच सरकवलं असेल झोपेत. मला आठवत नाही."

मी दारात उभा होतो. मला सगळं आठवत होतं. मी साईराजची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

आता गेल्या रविवारचं पुढचं सांगतो. क्रांतीला मी ते वाक्य बोललो, आणि वीरधवलनं जीप मागं घेऊन थेंब हुकाला लावला. फाटकापर्यंत गाडी गेली. मी मागून पळत गेलो आणि टपावर थापा मारल्या. तो उतरला. मी तिथं रस्त्यावरच सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तसंच, पत्र्यापासून. त्याची बायको जीपमधून उतरून बाजूला गेली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

तो म्हणाला, "ही गाडी मी न्हेत न्हाई." हूक काढला. मग विचारलं, "घरात ठावं हाय का?"

"नाही."

"आन् त्या पोरीला?"

"नाही."

"मग मला कशापायी सांगताय? मी कोण तुमचा?"

एवढंच बोलून गेला. थेंब फाटकातच राहिला. मी आणि ज्ञानूनं ढकलून आत घेतला. ज्ञानूनंही सगळं ऐकलं होतं. दोन दिवस तो कामाला आला नाही.

त्याच दुपारी घरी येऊन तुझ्या आत्याला सांगितलं. ती गहू निवडत होती. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "त्या पोरीला मी बोलत हुते तवा तुमी कुठं हुता?"

"दारात."

"ऐकत हुतासा?"

"व्हय."

तिनं ताट खाली ठेवलं. तेव्हापासून आठ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाते. काल ज्ञानूजवळ निरोप दिला की तिला जतला जायचं आहे, तुझ्याकडं. मी तिला अडवणार नाही. तू तिला घरात घे म्हणूनही सांगणार नाही. ते तुझं तू ठरव.

तो पत्रा मी भंगारात टाकलेला नव्हता. का टाकला नाही ते मला सांगता येत नाही, लेथच्या मागं उभा करून ठेवला होता. त्याच्या कडेला सिलिकॉन अजून आहे, चार भोकंही आहेत. उद्या सोमवारी तो घेऊन पोलिसांकडं जाणार आहे आणि जबाब लिहून देणार आहे. वकिलांनी सांगितलं, आता दहा महिन्यांनी कशाला उकरून काढताय, झालं ते झालं. त्यांना मी फी देऊन परत आलो. पुढं काय होईल ते होईल. तुला कुणी विचारायला आलं तर घाबरू नकोस. पहिल्या दिवशी जे सांगितलंस तेच सांग, कारण तेच खरं होतं. झाकण उघडं होतं. तू काही सरकवलं नाहीस, झोपेतसुद्धा नाही.

हे पत्र साईराजला, तुझ्या आईंना आणि ज्यांनी ज्यांनी तुला बोल लावला त्या सगळ्यांना दाखव. झेरॉक्स काढून वाट, माझी हरकत नाही.

क्षमा मागत नाही. ती तुझ्याकडून मागायचीसुद्धा मला लाज वाटते. तू चांगली झोपत जा, एवढं मात्र मनापासून मागतो.

खाली सासऱ्याच्या नात्यानं 'तुझा मामा' लिहायला हात गेला होता, थांबलो. उद्या जबाबाखाली जी सही करणार, तीच इथं करतो.

अण्णाप्पा देवगोंडा मगदूम
भरतेशचा बाप